रांगेतल्या चपला

एका दाखल्यावर डॉक्टरांची सही हवी होती म्हणून परवा सरकारी दवाखान्यात गेले. केसपेपरची खिडकी एकच आणि रांग थेट फाटकापर्यंत. गुडघे सुजलेल्या एका आजींनी रांगेत आपल्या चपला काढून ठेवल्या आणि त्या माझ्याशेजारी पारावर येऊन टेकल्या. रांगेत अशा बऱ्याच चपला होत्या, आपापल्या आजारी माणसांची जागा धरून.

माझ्या पर्समध्ये विम्याचं कार्ड असतं. ते दाखवलं की मोठ्या हॉस्पिटलात मला आधी खुर्ची देतात, मग नाव विचारतात. गुडघे माझेही दुखतात. मग असं कार्ड आजींच्या पिशवीत का नाही, हे मला कुणी सांगेल का?

रांग सरकली. आजींच्या मागे उभी असलेली बाई वाकली. चपला तिने पायाने ढकलल्या नाहीत, हाताने उचलून पुढे ठेवल्या. दर वेळी तसंच. शेवटी मी उठून तिच्याजवळ गेले.

"तुम्हाला काय होतंय?"

"कंबर धरलीय हो ताई. वाकताच येत नाही," ती म्हणाली, आणि रांग सरकली तशी पुन्हा वाकली.