मागच्या सीटचा मान

वडिलांना प्रत्येक वस्तूवर नाव घालायची सवय होती. ताटं, तांबे, सायकलचा पंप, पाण्याची टाकी. परभणीच्या बाजारात भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडे ते पिशवी भरून जात. अँबेसिडरची स्टेपनी चोरीला गेल्यावर गाडीचे सुटे भागही त्या पिशवीतून जाऊ लागले. प्रत्येकावर आडनावाचं पहिलं अक्षर, महिना आणि साल.

गाडी माझ्या जन्माआधीची. वडील शाळेत गणित शिकवत आणि रविवारी गाडी पुसत. खड्ड्यांचे धक्के झेलणारे मागचे दोन्ही शॉकअप तेल गळायला लागले, तेव्हा त्यांनी ती नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. "माल मीच आणतो सर," मिस्त्री म्हणाला. संध्याकाळी वडील पोचले तेव्हा काळे, चकचकीत शॉकअप बसवून झाले होते. त्यांच्यावर नाव घालायचं राहून गेलं, एवढीच हळहळ त्यांनी घरी बोलून दाखवली.

काढलेले जुने शॉकअप त्यांनी बघायला मागितले नाहीत. आमच्याकडे कुणी मागत नाही. जुना माल दाखवा म्हणणं म्हणजे मिस्त्रीच्या इमानावर बोट ठेवणं. दोघांनी गाडी एक चक्कर फिरवून आणली. दोघेही पुढे बसले होते. मागचे शॉकअप गेलेले असले तरी पुढे बसणाऱ्याला फारसं कळत नाही.

मागे आई बसायची, डाव्या बाजूला. पुढच्याच महिन्यात जिंतूरला जाताना, झरीच्या अलीकडे एका छोट्या पुलाला लागून खड्डा आला. गाडी एकदा उडाली, खाली आली आणि पुन्हा उडाली. दुसऱ्या वेळी आई सीटवर आदळली. कमरेचा मणका दबला. तेव्हापासून ती पट्टा बांधून पलंगावर असते, धरून चालवलं तर अंगणापर्यंत जाते.

वडिलांनी त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणत, "माझ्या हातून झालं." दोन वर्षांपूर्वी ते गेले, तोवर हेच म्हणत होते. तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला. सतरंजीवर बसून सगळ्यांदेखत म्हणाला, "सरांचा हात लय साफ होता. तेवढा एक खड्डा काही त्यांना चुकविता आला न्हाई." आईनं पलंगावरून त्याला चहा द्यायला सांगितलं.

गेल्या वर्षी मी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरवलं. बातमीदारीच्या कामामुळे मी रोज बाहेर असते, म्हणून सुटीच्या दिवशी थोडं थोडं काम करून घेतलं. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं मागचा बंपर दाबून सोडला. एकदाच हलून थांबायला हवी ती गाडी चार वेळा वरखाली झाली. त्यानं शॉकअप खोलले. दांडा बोटानं ओढला, तो सरळ बाहेर आला. पान्ह्यानं बाहेरचा काळा रंग खरवडला. खाली जुना हिरवा रंग होता, गंज होता आणि वडिलांचं अक्षर होतं. महिना आणि सालही वाचता येत होतं. दुसऱ्यावरही तेच.

मी दोन्हींचे फोटो काढले. नवे शॉकअप मागवले, पण बसवले नाहीत. जुनेच परत लावायला सांगितलं.

"लोक जुनं काढून नवं लावतेत ताई. तुमचं उलटं कामून?"

"एका दिवसापुरतं."

आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं लग्न जिंतूरला होतं. मिस्त्रीलाही पत्रिका होती. मी त्याच्या गॅरेजवर जाऊन म्हटलं, एष्टीनं कशाला, आमच्या गाडीनं चला. तो खूष झाला. पांढरा शर्ट, टोपी, खांद्यावर उपरणं अशा थाटात आला आणि पुढचं दार उघडायला लागला. पुढच्या सीटवर नव्या शॉकअपचं खोकं बांधून ठेवलं होतं.

"मागं बसा मिस्त्री," मी म्हटलं. "तुमी मोठे. मानानं बसा."

"लय मान झाला ताई. सर असते तर म्हनले असते, मिस्त्री आज पाहुना झाला." आणि तो मागे बसला, डाव्या बाजूला. वयानं मोठ्या माणसाला हा मान नाकारता येत नाही. त्यात गाडी चालवणारी बाई असेल तर मुळीच नाही.

मी काटा चाळीसवर ठेवला. वडीलही चाळीसवरच चालवत. परभणी सुटेपर्यंत तो गावातल्या लोकांची उणीदुणी सांगत होता. रस्ता खराब झाला तसं त्याचं बोलणं तुटायला लागलं. आरशात त्याची टोपी वर जायची, खाली यायची आणि पुन्हा वर जायची.

"ताई, जरा दमानं."

"चाळीसच हाय."

"मंग गाडी उड्या कामून मारायलीय?"

"शॉकअप तुमीच बसवलेत की."

एका हातानं त्यानं समोरच्या सीटची पाठ धरली होती, दुसरा हात कमरेखाली घातला होता. झरीच्या अलीकडचा पूल आला. खड्डा अजून तिथंच आहे. दरवर्षी मुरूम टाकतात, दरवर्षी उखडतो. मी वेग वाढवला नाही आणि कमीही केला नाही. गाडी दोनदा उडाली. दुसऱ्या वेळी मागून "आई गं" असा आवाज आला.

पुढे जाऊन मी गाडी बाजूला घेतली. तो उतरला आणि सवयीनं मागच्या चाकापाशी वाकून बसला. मी काही दाखवलं नाही. खरवडलेला रंग त्याला दिसला, अक्षर दिसलं. अक्षरावरून त्यानं अंगठा फिरवला.

"आई कुठं बसल्या होत्या?"

"तुमी बसला होतात तिथंच."

"सरांनी जुना माल मागितला न्हाई ताई," तो म्हणाला. "एकडाव मागितला असता, तर मी बदलले असते."

त्याच्या बाजूनं एवढंच म्हणणं होतं. मी ते नंतर शब्दशः लिहून ठेवलं.

"जॅक द्या. नवे हायेत की फुडं. हितंच बसवून देतो."

"नको. गाडीत बसा. परभणीला परत जायचंय."

"आन् लग्न?"

"लग्न लागेल."

मागून जिंतूरला जाणारी एष्टी येत होती. त्यानं हात अर्धवट वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि खाली घेतला. परतीच्या वाटेवर तोच खड्डा दुसऱ्या बाजूनं लागला. मी तोही चुकवला नाही.

आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. त्यानं तिच्यासमोर हात जोडले. तिनं भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बोट केलं. "मला नगं. त्यांना सांगा. सतरंजीवर बसून बोलला होतात तेवढ्या मोठ्यानं."

"सर, शॉकअप जुनेच होते," तो म्हणाला. "रंग मी मारला होता."

"आन् खड्डा?" आईनं विचारलं.

"खड्ड्यात तुमचा दोष नव्हता, सर."

आईनं मान हलवली. या वेळी तिनं चहा विचारला नाही. कमरेवर हात ठेवून तो एकटाच गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यानं नवे शॉकअप बसवले. जुने दोन्ही मी पिशवीत घालून बाजारात नेले. वडिलांचा भांडीवाला आता नाही, त्याचा मुलगा मशीननं नाव घालतो. वडिलांच्या अक्षराखाली मी मिस्त्रीचं पूर्ण नाव घालून घेतलं आणि पुढे, लग्नात दिलेल्या भांड्यांवर असतं तसं, 'यांजकडून सप्रेम भेट'.

ते दोन्ही शॉकअप आमच्या ओसरीवर दाराशेजारी उभे आहेत. येणारा प्रत्येक जण वाकून वाचतो आणि भेटीचं कारण विचारतो. आई पलंगावरूनच सांगते, पहिल्यापासून, काही न गाळता. मिस्त्री दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी नवीन शॉकअपची जोडी घेऊन आला होता, हिच्या बदल्यात ती जुनी द्या म्हणाला.

"आहेर परत करायची रीत न्हाई आपल्यात," आई म्हणाली.