विल्मा टेशचं तळं

विस्कॉन्सिनमधल्या आपल्या मक्याच्या शेतात विल्मा टेशने पाणी परत आणलं, तेव्हा तिच्या दिराने, ओरिनने, तिच्याशी बोलणंच टाकलं. तिथली दलदल सासऱ्यांनी भर उमेदीत हटवली होती. जमिनीखाली मातीच्या नळ्या घालून सगळं पाणी ओढ्याला काढून दिलं होतं. नवरा गेल्यावर विल्माने ती जमीन शेजारच्या निसर्ग उद्यानाला देऊन टाकली आणि स्वतः खोदयंत्रावर बसून त्या नळ्या फोडल्या.

"बाबांच्या कष्टांवर पाणी फिरवलंस," एवढं शेवटचं ओरिन म्हणाला.

"कष्ट त्यांचे खरे. पण पाणी त्यांच्याही आधीचं," ती म्हणाली.

सुरुवातीला नुसता चिखल आणि डास. चर्चबाहेर लोक टोमणे मारत, "काय विल्मा, यंदा डासांचं पीक कसं?"

"भरघोस! पाठवू का घरी डबाभर?"

मग पाणी साचून तळं झालं, लव्हाळी वाढली, बेडूक ओरडू लागले, आणि एका वसंतात क्रौंचांच्या जोडीने तिथे घरटं बांधलं. टोमणे मारणारेच नातवंडांना खांद्यावर घेऊन बघायला येऊ लागले.

तळ्याला नाव ठेवायला उद्यानाने अख्ख्या गावाला बोलावलं. सभागृह खच्चून भरलं. कुणी 'क्रौंचतळं' सुचवलं, कुणी 'बेडूकवाडी'. विल्मा मागे लिंबाच्या वड्या वाटत होती. तेवढ्यात ओरिन उठला.

"माझ्या बापाने ही जमीन कोरडी केली, त्याचा मला अभिमान होता. अजूनही आहे," तो घसा खाकरत म्हणाला. "पण परवा माझ्या नातीने तिथे क्रौंचाचं पिल्लू पाहिलं. घरी येऊन जेवायचंसुद्धा भान नव्हतं पोरीला. हे हिने केलंय. नाव हिचंच द्या."

"अरे, मी जिवंत आहे अजून!" विल्मा ओरडली. "माझ्या नावाच्या तळ्यात लोक कुत्री धुतील!"

हशा पिकला आणि हशातच सगळे हात वर गेले. वड्यांचं ताट खाली ठेवून तिने डोळे पुसले.

पाटी लागली त्या सकाळी ती मोत्यांची कर्णफुलं घालून, ताठ मानेने बघायला गेली. दुर्बीणवाला एक परगावचा माणूस पाटी वाचत होता.

"कोण होती हो ही विल्मा?"

"होती नाही, आहे. तुमच्यासमोर उभी आहे," ती म्हणाली. "आणि जरा मागे सरका. कासवाच्या अंड्यांवर पाय पडेल."