सुनेच्या लॅपटॉपची पिन मी ओढली

चोपड्यात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी येतात, मी जुनी तार काढतो, नवी भरतो. शाळा माझ्या वाट्याला दोन वर्षं आली, त्यातलंही एक वर्ष वर्गाबाहेर उभं राहण्यात गेलं. आकडे येतात, सही येते, बाकी सगळं तोंडावर चालतं. तोंड मात्र देवानं दोन माणसांचं दिलंय.

या धंद्यात एक सवय रक्तात बसते. बल्ब चमकला की विचार करायचा नाही, हात आधी स्विचवर. व्होल्टेज नाचायला लागलं आणि तुम्ही चहा संपवत बसलात, तर मोटर गेलीच म्हणून समजा. या सवयीनं मी कितीतरी मोटारी वाचवल्या. एकदा एका लग्नातला डीजेही वाचवला. वऱ्हाडी मारायला धावले होते.

तर त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला घरात मी आणि सुनेचा लॅपटॉप, दोघंच होतो. लॅपटॉप जुना, कुणीतरी वापरून विकलेला. बॅटरी मेलेली, पिन लावली तरच चालायचा. सुनेला दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या एका शाळेत पाठ घेऊन दाखवायचा होता. त्यांना विज्ञानाची बाई पाहिजे होती. तीन वर्षं ती अर्ज करत होती, बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं. पंधरा दिवस खपून तिनं हृदयाचा पाठ तयार केला. पडद्यावर हृदय धडधडायचं, रक्त कुठून येतं, कुठं जातं ते हलताना दिसायचं. मला दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "पोरी, ही तर आपली मोनोब्लॉक मोटर. पाणी मागं न सोडणारा फूटव्हॉल्व्हसुद्धा आहे."

ती म्हणाली, "फरक एकच नाना, ही जळाली तर तुमच्याकडे आणता येत नाही."

स्क्रीनच्या कोपऱ्यात ढालीचं चित्र होतं आणि त्याच्या खाली एक हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती. अँटिव्हायरस स्वतःला नवा करून घेत होता, हे मला नंतर कळलं. खाली इंग्रजीत 'बंद करू नका' असं लिहिलं होतं, हेही नंतरच कळलं. तेवढ्यात बल्ब चमकला. हात गेला, पिन बाहेर! स्क्रीन काळी. मी छाती फुगवून उभा, वाचवला म्हणून.

लाइट स्थिर झाल्यावर पिन परत लावली. लॅपटॉप उठला, टिकल्या गोल गोल फिरल्या, मग निळा पडदा आणि त्यावर एक रडका चेहरा. बंद. पुन्हा उठला, पुन्हा रडला, पुन्हा बंद. मला जे येतं ते मी केलं. पालथा घालून कान लावला. वास घेतला. शेवटी अंगणात उन्हात ठेवला, कारण भिजलेली मोटर ऊन दाखवलं की बोलते. हा नुसता तापला.

बायको दारात येऊन म्हणाली, "काय करी राह्यनात तुम्ही? पापड शे का तो?"

मागून सून आली. तिनं चार वेळा चालू करून पाहिला. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "लाइट चमकली ना. आपोआप बंद पडला. लाइटीचं तुझ्या नवऱ्याला विचार." माझा मुलगा दीपनगरला वीज केंद्रात कंत्राटावर कामाला आहे. बापाचं पाप पोराच्या गळ्यात घालायला त्याच्या नोकरीचा असा उपयोग झाला.

पुढची एसटी धरून आम्ही जळगावला गेलो. तिथं मार्केटात लॅपटॉप दुरुस्त करणारा एक भाई आहे, पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. त्यानं निळा पडदा पाहिला आणि मला विचारलं, "बंद पडायच्या आधी काय केलं होतं?"

मी म्हटलं, "काहीच नाही भाई. आपोआप."

आता सांगतो, हे वाक्य मी रोज ऐकतो. कोरड्या विहिरीत दोन तास मोटर फिरवून कोळसा करून आणतात आणि म्हणतात, "काहीच केलं नाही भाऊ, आपोआप." मी जळका वास घेऊन सगळी कुंडली सांगतो. पण लॅपटॉपला वास कुठला? भाई फसला.

"आपोआप असेल तर डिस्कवर शंका येते," तो म्हणाला. "मरायला टेकलेली डिस्क फिरवली तर आहे तेही जातं. मी हात लावत नाही. बाहेर पाठवावी लागेल. आठ दिवस धरा."

सून म्हणाली, "भाई, उद्या अकरा वाजता माझा पाठ आहे."

"बेटा, झूठा वादा मैं नहीं करता."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं पिशवीतून कागद काढला, काउंटरवर ठेवला आणि त्यावर पेनानं हृदय काढायला लागली. मला म्हणाली, "नाना, इथं मोठे कार्डशीट कुठं मिळतील? आताच कामाला लागले तर चार तक्ते तरी होतील." पंधरा दिवसांचं काम ती एका दुपारी पेनानं काढायला निघाली होती.

"भाई," मी म्हटलं, "मी पिन ओढली."

"कधी?"

"पट्टी सरकत होती तेव्हा."

"कसली पट्टी?"

"हिरवी. वर ढाल होती."

भाईनं चष्मा डोळ्यांवर घेतला. "अपडेट चालू असताना? और मैं यहां डिस्क का मातम कर रहा हूं!" मग माझ्या नखांतलं वॉर्निश बघून म्हणाला, "वाइंडिंगवाले ना तुम्ही? गिऱ्हाईक तुमच्याशी असं खोटं बोललं तर काय करता?"

"चहा पाजून खरं काढून घेतो."

"मग सांगा दोन कट. पैसे तुम्ही द्या."

चहा पिता पिता त्यानं समजावलं. अँटिव्हायरसची एक छोटी फाइल असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. लॅपटॉप उठताना सुरुवातीलाच तिला हाक मारतो. ती मी अर्धीच लिहू दिली, म्हणून तो तिथंच ठेचकाळतो. मी म्हटलं, "म्हणजे मोटर चांगली, स्टार्टर गेला." तो म्हणाला, "तसंच समजा, पण आता हात मागे ठेवा."

आधी त्यानं सेफ मोडमध्ये उठवून पाहिला. उठेना. मग पेनड्राइव्ह लावला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. एक लांबलचक यादी निघाली. भाई म्हणाला, "पिन किती वाजता ओढली?"

"दहा. दहाच्या थोडं पुढं. शेजारणीच्या डाळीला फोडणी बसली होती."

सून पडद्याला नाक लावून वाचत गेली आणि ओरडली, "ही! आजची, दहा वाजून सात मिनिटं. आणि आत काहीच नाही, शून्य!"

भाईनं त्या फाइलचं नाव बदललं, म्हणजे हाक मारली तरी ती सापडू नये. पेनड्राइव्ह काढून परत चालू केला. टिकल्या फिरायला लागल्या. फिरतच राहिल्या. मी डोळे मिटले. मग सुनेचा हात माझ्या दंडाला लागला, उघडून बघतो तर तिनं पाठ लावलेला, पडद्यावर हृदय धडधडत होतं. भाईनं तो अँटिव्हायरस मुळापासून काढला, लॅपटॉपचा स्वतःचाच पहारेकरी चालू केला आणि सुनेला पाठ दोन पेनड्राइव्हवर घालून दिला. "दोन का?" मी विचारलं. भाई म्हणाला, "घरात तुम्ही आहात म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याला निघालो. स्टँडवर मी लॅपटॉपची बॅग उचलली, तर सुनेनं ती अलगद काढून घेतली. "नाना, तुम्ही डबा धरा."

ती शाळेत गेली, मी फाटकाबाहेर डबा धरून बसलो. एक तास झाला, घंटा झाली, पोरं बाहेर आली, परत आत गेली. शेवटी ती आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"अडकला का कुठं?"

"एकदाही नाही. सोमवारी कागदपत्रं घेऊन रुजू व्हा म्हणाले."

एवढं बोलून ती तिथंच दगडावर बसली, डबा उघडला आणि खायला लागली. कालपासून तिच्या पोटात काही गेलं नव्हतं, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिच्या भाकरी संपल्या, मग माझ्याही संपल्या, मग मिरचीचा ठेचा बोटानं पुसून झाला. तेव्हा तिला आठवलं, "अगोबाई, नाना, तुम्हाला?"

मी म्हटलं, "खा," आणि उठून फाटकावरच्या वॉचमनला विचारलं, भजी कुठं मिळतात इथं? त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नव्या मॅडमचे कोण तुम्ही?"

मी म्हटलं, "डबा धरणारा."