आप्पांना दिसलेला शनी

मी मुळातच काळजीखोर. खोलीला कुलूप लावून निघाले तरी कोपऱ्यावरून परत येऊन ते एकदा ओढून बघणार. अशा बाईनं आरशाची दुर्बीण सांभाळत शिरूर ते दौंड एसटीनं जायचं म्हणजे काय झालं असेल, कल्पना करा. न्हावऱ्याच्या आसपास रस्ता उखडलेला होता. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव त्या नळीत जाऊन अडकायचा.

दुर्बीण दिसायला अगदी शेतातल्या पाइपाच्या तुकड्यासारखी. पुण्यातले एक हौशी गृहस्थ घरी आरसे घासून अशा दुर्बिणी तयार करायचे, त्यांच्याकडून मी ती करून घेतली होती. माझ्या छातीपर्यंत येणारी जाड पांढरी नळी, तळाशी बशीएवढा आरसा आणि वरच्या टोकाला बाजूनं डोळा लावायचं भिंग. लाकडी बैठक टपावर टाकली होती. नळी मात्र मी दोन गुडघ्यांत उभी धरून बसले होते. शेजारच्या मामांनी बराच वेळ बघून घेतलं आणि विचारलं, “बोअरची मोटर जळली का?”

“नाही मामा, दुर्बीण आहे. चांदण्या बघायची.”

“व्हय का,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, “मंग दिवसाढवळ्या कुठं घिऊन चालला?”

त्यांना काय सांगणार? मी तेव्हा रांजणगावच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते आणि कारेगावात खोली घेऊन राहत होते. दुर्बीण आल्यापासून रोज संध्याकाळी गच्चीवर माझी धडपड चालली होती. कारखान्यांच्या दिव्यांनी तिथलं आभाळ कायम दुधाळ. त्यात नळीवर बसवलेली एक छोटी दुर्बीण असते, नेम धरायला. तिच्यात तारा मधोमध आणला की मोठ्या भिंगातही तो दिसायला हवा. माझ्या नेमाच्या दुर्बिणीत तारा असायचा आणि भिंगात अंधार. हौसेची वस्तू आपण हातानं बिघडवली या धसक्यानं मला घास गिळवेना. शेवटी लागून सुट्ट्या आल्या तशी ती उचलली आणि आईआप्पांकडे दौंडला निघाले.

आप्पा म्हणजे माझे वडील. रेल्वेत ड्रायव्हर. दौंडहून सोलापूरकडे गाड्या न्यायचे. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. मी पोचले तेव्हा ते ड्युटीवरून येऊन झोपले होते आणि आई टीव्हीसमोर शेंगा फोडत बसली होती. टीव्हीवरच्या बातम्या सांगणाऱ्या बाईचा चेहरा शेंदूर फासल्यासारखा दिसत होता. मी रंग कमी करायला गेले तर आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे. त्यास्नी फिका दिसतो. रोज वाढवत्यात.” मी हसले आणि दुर्बीण घेऊन रेल्वे क्वार्टरच्या गच्चीवर गेले.

दुर्बीण करणाऱ्या गृहस्थांनी बजावलं होतं की नेमाची दुर्बीण आधी दिवसाउजेडी जुळवून घ्या. कारेगावात मी ते ऐकलं नव्हतं, कारण मला तारे बघायची घाई होती. आता यार्डापलीकडचा एक सिग्नल धरला, मोठ्या भिंगात आणला, आणि छोटीचे स्क्रू पिळत पिळत तोच सिग्नल तिच्याही मध्यावर बसवला. एवढंच करायचं होतं. इतके दिवस मी कोणाकोणाला दोष दिला होता, आरशाला, कारखान्यांना, नशिबाला. तेवढ्यात आप्पा चहाचा कप घेऊन वर आले. भिंगात सगळं उलटं दिसतं, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजी सिग्नलला शीर्षासन. आमच्या साहेबास्नी दाखव,” आणि स्वतःशीच हसले.

त्या दिवसांत शनी संध्याकाळीच उंच चढलेला असायचा. अंधार पडला तशी मी नळी जवळजवळ उभी केली, गुडघ्यावर बसले, मान वाकडी करून नेम धरला आणि भिंगाला डोळा लावला.

तो होता. इवलासा, पिवळसर, आणि भोवती कडं. कड्याच्या आणि गोळ्याच्या मधली काळी फट इतकी स्वच्छ की मी डोळा काढून पुन्हा लावला. पुस्तकातलं चित्र कोणी नळीत चिकटवलंय की काय, असं वाटावं. मला रडू यायला लागलं. आईला हाक मारली तर ती जिन्यातूनच म्हणाली, “शनीकडं असं टक लावून बघू नये बाई,” आणि दिव्याला तेल घालायचं निमित्त काढून खाली गेली. आप्पा मात्र चष्मा कपाळावर सारून लगेच वाकले.

इथं इंजिनातली एक रीत सांगायला हवी. गाडी चालवताना सिग्नल नुसता बघून चालत नाही, तो मोठ्यानं म्हणावा लागतो. ड्रायव्हर किंवा असिस्टंट, ज्याला आधी दिसेल तो म्हणणार, “डिस्टंट, डबल यलो,” म्हणजे लांबच्या सिग्नलला दोन पिवळे दिवे, आणि दुसरा स्वतः बघून तेच परत म्हणणार. एकाची चूक दुसऱ्याला कळावी म्हणून ही पद्धत. आप्पांच्या अंगात ती इतकी मुरलेली की घरीसुद्धा आई “गॅस बंद केला” म्हणाली की ते खाटेवरून म्हणायचे, “गॅस बंद.” आम्हाला त्याची सवय होती. त्यावरून त्यांची थट्टाही चालायची.

“कडं दिसतंय का, आप्पा?”

“कडं दिसतंय.”

“मधली फट?”

“फट दिसतीय की.”

मी खूश. मग मला सुचेल ते सांगत सुटले. शनी किती लांब आहे, कडं कशाचं आहे, बाजूला एक बारीक ठिपका आहे तो त्याचा चंद्र. “ठिपका हाय,” आप्पा म्हणाले. माझी बडबड बराच वेळ चालली असणार, कारण मध्येच लक्षात आलं की मी नळी सरकवलेलीच नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळं भिंगातला शनी एका जागी थांबत नाही. मिनिटभरात तो कडेला जातो आणि दिसेनासा होतो. नळी हातानं हळूहळू त्याच्या मागं न्यावी लागते.

“गेला असेल ना तो आता?” मी विचारलं.

“न्हाई, हाय की,” आप्पा भिंगातून डोळा न काढता म्हणाले. “लई झ्याक.”

ते बाजूला झाल्यावर मी वाकून पाहिलं. भिंगात काळोख होता. शनी नाही, ठिपका नाही, काहीही नाही.

आधी वाटलं, लेकीचं मन राखलं. आप्पा तसे होते, माझी करपलेली भाकरीसुद्धा त्यांना खरपूस लागायची. मी ते हसण्यावारी नेलं, दुर्बीण झाकली, जेवायला खाली आले. आप्पांनी टीव्ही लावला. पुन्हा तो शेंदरी चेहरा पडद्यावर आला आणि माझ्या हातातला घास हातात राहिला.

त्यांना दिसत नव्हतं. मी म्हणत होते आणि ते परत म्हणत होते.

त्या रात्री झोप कुठली यायला. यार्डात डबे जोडल्याचा आवाज झाला की मी दचकत होते. रेल्वेत ड्रायव्हरचे डोळे ठराविक काळानं तपासतात. मागच्या तपासणीत आप्पा पास झाले होते, पुढची अजून लांब होती. मधल्या काळात डोळ्यात काय उतरलं असेल ते कोण बघणार? असिस्टंट म्हणत असेल “ग्रीन” आणि आप्पा म्हणत असतील “ग्रीन”. मागं डब्यांत माणसं झोपलेली. आणि बोलावं तर काय बोलावं? डोळा नापास झाला की इंजिनावरून खाली, मग ऑफिसात नाहीतर शेडमध्ये काहीतरी बसून करायचं काम. आप्पांना इंजिनाशिवाय मी कधी कल्पनेतही पाहिलं नव्हतं. मला काळजी आप्पांच्या गाडीची वाटत होती आणि आप्पांचीही वाटत होती.

सकाळी मी दुर्बीण उघडून बसले. आरशावर चरा आहे का, डाग आहे का, भिंग धुरकटलंय का, सगळं बघितलं. तपासणी खात्यात काढलेल्या माझ्या सगळ्या नोकरीत, दोष सापडावा म्हणून देवाला विनवत केलेली तेवढी एकच तपासणी. दोष सापडला नाही.

मग आमच्या खात्यातला एक साधा नियम आठवला. माप घेणाऱ्याला माप किती यायला हवं ते आधी सांगायचं नाही. सांगितलं की हातातलं यंत्रही तेच दाखवायला लागतं. काल मी सगळी मापं आधीच सांगून मोकळी झाले होते.

त्या संध्याकाळी आप्पांना गाडी होती. आईनं डबा भरून कापडात बांधून ठेवला होता. ड्युटीचा निरोप आणणारा कॉलमन यायला अजून वेळ होता, म्हणून मी आप्पांना म्हटलं, “जायच्या आधी एकदा वर येता का?” माझा आवाज मला परका वाटला. शनी भिंगाच्या मध्यावर आणला, दोनदा खात्री केली आणि बाजूला झाले.

आप्पा वाकले. खाली कुकरची शिट्टी झाली. एक मालगाडी यार्डातून संथपणे गेली. मी नळी अगदी हलक्या हातानं सरकवत राहिले, तो निसटू नये म्हणून, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

“बोल की,” आप्पा म्हणाले.

“आज तुम्ही सांगा.”

ते वाकलेलेच राहिले. डावा डोळा लावला, मग उजवा, मग पुन्हा डावा. नुसतं थांबणं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. वाटलं, सांगून टाकावं, कडं आहे म्हणावं, त्यांनी कडं आहे म्हणावं आणि हे संपावं.

“दिवा हाय एक,” ते शेवटी म्हणाले. “फुटल्यासारखा. धुरातला.”

“कडं?”

“न्हाई.” मग सरळ उभे राहून, माझ्याकडे न बघता म्हणाले, “कालबी न्हवतं.”

“आणि लाईनवर, आप्पा?”

“असिस्टंट पोरगं चांगलं हाय. तो म्हणतो, मी म्हणतो. आन् रस्ता तर समदा पाठ हाय मला.” ते कठड्याला टेकले. “मागल्या खेपंला तो जेवणाचा डबा उघडून खात हुता. त्याचं ध्यान न्हवतं. मीच आधी ग्रीन म्हनलो.”

“मग?”

“ग्रीनच हुता, त्यानं मागनं बघून सांगितलं. पर मला दिसला न्हवता.”

त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती, म्हणून मी दुर्बिणीवर फडकं टाकत राहिले. फाटकाशी सायकल लावल्याचा आवाज आला. कॉलमन. आप्पा जिना उतरायला लागले, हात भिंतीला लावून, आणि त्यांच्या मागून मी. कॉलमननं नेहमीसारखी गाडी सांगितली आणि सहीसाठी पेन पुढं केलं. आप्पा ते घेतात की काय, या भीतीनं मी दाराची चौकट धरून उभी होते.

“मला आज आजारी लाव,” आप्पा म्हणाले. आवाज शांत होता. “दुसरा मानूस बघ म्हणावं. उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचंय.”

“काय झालं मामा? डोळं आलं का?”

“न्हाई,” आप्पा म्हणाले. “गेलं वाटतं.”

तो गेल्यावर आईनं बांधलेल्या डब्याची गाठ सोडली, भाजी पुन्हा कढईत ओतून गरम केली आणि तीन ताटं घेतली. ड्युटीसाठी भरलेला डबा घरात सोडलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. मला सुटल्यासारखं वाटत होतं, मनापासून सांगते, आणि त्या वाटण्याची लाजही वाटत होती. आप्पांनी अर्धी भाकरी खाल्ली. मग ताटात बघतच, लहान आवाजात त्यांनी विचारलं,

“तुझी दुर्बीण ठीक हाय ना पर? न्हाई, नवीच हाय. आरशात काय खोट असंल. बघ एकदा नीट.”

आई हातातलं वाढणं तसंच धरून माझ्या तोंडाकडे बघत होती.

“बघितली, आप्पा,” मी म्हटलं. “दुर्बीण चांगली आहे.”