धार नको, धुकं पायजे

गाडी दारात आली की बिरूमामा आधी तिच्याकडे पाठ करत. आपण उतरून दुखणं सांगायला तोंड उघडलं की हाताने गप्प बसवत. "तू न्हाई, तिला बोलू दे," म्हणत. मग शहागडच्या हायवेकडे बघत थोडा वेळ उभे राहत आणि न वळताच निकाल देत, "तिसरी नोझल मुतून राह्यली." हा निकाल पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी शाळेत होते. वडिलांच्या पाठीमागे तोंड लपवून इतकी हसले की वडिलांनी डोळे वटारले.

डिझेल गाडीच्या इंजिनात तेलाचा फवारा मारणारी ती नोझल. नीट असली तर तेलाचं बारीक धुकं उडतं. बिघडली तर थेंब गळतात, मग गाडी काळा धूर ओकते आणि ठोके मारते. मामांनी हे सगळं शास्त्र एका वाक्यात बसवलं होतं, "धार नको, धुकं पायजे." गिऱ्हाईक ट्रकवाला असो की साहेब, प्रत्येकाला हे वाक्य ऐकावंच लागे.

त्यांचं घराणं मेंढरं राखणारं. मामांचे वडील कळप घेऊन गोदाकाठाने फिरत, आणि मामा मेंढरं सोडून ट्रकच्या मागे लागले म्हणून म्हातारा बरेच दिवस त्यांच्याशी बोलला नव्हता. हायवेच्या कडेला पत्र्याचं दुकान उभं राहिलं. त्यात टेबलाला आवळलेलं एक टेस्टर, त्याला हाताने मारायचा दांडा. दुकानामागे शेळ्या. धार काढून झाली की हात धुऊन मामा नोझलला हात लावत. नोझल टेस्टरला जोडायची, दांडा मारायचा, समोर फवारा उडायचा. फवाऱ्याखाली कुणी हात नेला की मामा खेकसत, "आरं, कातड्यातून आत जातंय ते!" स्वतः मात्र फवाऱ्याकडे फारसं बघत नसत. मान तिरकी करून ऐकत. चांगली नोझल उडताना कुरकुरते. "डोळा फसतो पोरी, कान फसत न्हाई," असं म्हणत.

कोरी नोझलसुद्धा ते टेस्टरला लावल्याशिवाय गाडीत बसवत नसत. "नवी हाये म्हणून नांदंलच असं न्हाई," असं मामा म्हणत. यावर मागून कौसामामी म्हणत, "माझी परीक्षा घ्यायला तवा मशीन नव्हती, न्हाईतर मीबी माहेरीच राह्यले असते." मामी त्यांच्या पत्नी. दुकानाच्या अर्ध्या मालकीण आणि मामांना टोकणारं तालुक्यातलं एकमेव माणूस.

वडील गेले आणि त्यांची जुनी पांढरी डिझेल अ‍ॅम्बेसेडर माझ्याकडे आली. विकून टाक, असं सगळ्यांनी सांगितलं. एका मामांनीच नाही सांगितलं. गेल्या वर्षी त्यांनी तिच्या चारही नोझल बदलल्या, प्रत्येक नोझलखाली तांब्याचा नवा वॉशर घातला, प्रत्येक नोझल टेस्टरवर घेतली आणि "बराबर" म्हणून पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी मी आत्याला घेऊन जांबला समर्थांच्या दर्शनाला निघाले. निम्म्या वाटेत गाडीने ठोके मारायला सुरुवात केली. मागे इतका धूर की आत्याने जप मोठ्याने म्हणायला घेतला.

तशीच गाडी परत आणली. मामांनी सवयीप्रमाणे पाठ केली. बराच वेळ झाला, पण निकाल येईना. मग ते इंजिनापाशी आले आणि एकेका नोझलच्या नळीचं नट ढिलं करू लागले. चांगल्या नोझलचं तेल तोडलं की इंजिन अडखळतं, बिघडलेलीचं तोडलं तर काहीच फरक पडत नाही, ही त्यांनीच मला शिकवलेली गोष्ट. पण या वेळी ते नट ढिलं करायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. माझ्या चेहऱ्यावरून ते इंजिन ओळखत होते. दुसऱ्या नटाला इंजिन जसंच्या तसं चालत राहिलं आणि काही फरक नाही म्हणून मी मान हलवली. त्यांनी पाना खाली ठेवला.

"कुरकुर ऐकूच येऊन न्हाई राह्यली त्येंला," मामी हळू आवाजात म्हणाल्या. हळू बोलायची काही गरज नव्हती.

त्यानंतर मामांनी शटर ओढलं. त्यांच्या लेकाने कानाचं मशीन आणून दिलं, ते दोन दिवस लावून त्यांनी खिळ्याला टांगलं. "ह्या मशिनीत ट्रक, कुत्री, तुजी मामी, समदे बोलून राह्यले. नोझल तेवढी गप हाये." येणाऱ्या गाड्यांना ते जालन्याची वाट दाखवू लागले. माझी अ‍ॅम्बेसेडर त्यांच्याच दारात उभी होती. दुसरीकडे न्यायला माझं मन धजेना, आणि ते तिच्याकडे बघेनात. उभ्या आयुष्यात दुसऱ्याने तपासलेली नोझल त्यांनी कुणाच्या गाडीत बसवली नव्हती. आता स्वतःचीच तपासणी खोटी निघाली होती. माणूस आतून विझत चाललेला मला दिसत होता आणि फार वाईट वाटत होतं.

एका सकाळी मी गेले तर मामा शेळीची धार काढत होते. डोळे मिटलेले, बोटं चाललेली. मामी कमरेवर हात देऊन उभ्या होत्या. त्या एकदम ओरडल्या, म्हणजे मामांना ऐकू जाईल इतक्या, "सडात गाठ हाये का, हे शेळी काय तुमच्या कानात येऊन सांगती व्हय?"

मामांची बोटं थांबली. भांडं तसंच ठेवून ते उठले आणि शटर वर केलं. मामींनी जुन्या डब्यातल्या बऱ्यावाईट नोझल मुद्दाम कालवल्या आणि एकेक टेस्टरला लावायला घेतली. मामांनी डोळे मिटले, दांड्यावर तळहात ठेवला आणि दाब दिला. मी बाजूला उभी राहून फवारा बघत होते. पहिल्या दोन चुकल्या. मामींनी पुढची लावली. मग मामांनी दांडा जरा सैल धरला.

"ही मेलेली," ते म्हणाले. खरंच थेंब गळत होते. "ही चांगली. हातात मुंग्या येऊन राह्यल्या." समोर धुकं होतं. "ही मुतून राह्यली." मामींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, कळलं नाही. मला मात्र सरळ रडूच आलं.

त्याच दिवशी त्यांनी माझ्या गाडीची खोटी नोझल काढली. दुसरी कोरी आणली, धुतली, तळहाताने तपासली. तिसऱ्या दाबाला "बराबर" म्हणाले आणि बसवली. नळीतली हवा काढून मला चावी फिरवायला सांगितली. गाडी एकदा खोकली आणि लागली. आयुष्यात पहिल्यांदा मामांनी गाडीकडे पाठ केली नाही. पुढे आले, बॉनेटवर दोन्ही हात टेकून वाकले आणि डोळे मिटून उभे राहिले.

मागे एक ट्रक येऊन थांबला आणि हॉर्नवर हॉर्न देऊ लागला. मी मामांच्या खांद्याला हात लावून मागे बोट दाखवलं. त्यांनी एक डोळा उघडून बघितलं.

"थांब म्हणावं त्येला जरा," मामा म्हणाले. "मी हिचं ऐकून राह्यलो."