पुढच्या मिस्त्रीले

राजूरले एका हळदीच्या कार्यक्रमात माइक हातात घेऊन मी तोंडानं कोळशाच्या डंपरचा रिव्हर्स हॉर्न काढून राह्यलो होतो. लोकं खुर्च्यावरून पडाले आले होते. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. लीलाकाकूचा, शेषराव काकाच्या बायकोचा. काकू मले कधीच फोन करत नव्हती. मांडवामागं जाऊन उचलला तं म्हणे, "बापू, तुहे काका सकाळी चहा ठेवून खुर्चीवर बसले... अन् बसलेच राह्यले." हृदयाचं होतं, डॉक्टरनं मंग सांगतलं. इकडं मांडवातून पब्लिक वरडून राह्यलं होतं, 'अजून एक, अजून एक!' मी परत गेलो अन् कुकरची शिट्टी काढली. काहून काढली, मले आजही समजलं नाही. त्या शिट्टीले टाळ्या मात्र लय पडल्या.

शेषराव काका माह्या नात्याचे कोणी नव्हते. पांढरकवड्याच्या जुन्या बसस्टँडमागं त्याइचं दुकान. मिक्सर, पंखे, रेडिओ, हायवेवरच्या ट्रकवाल्याइचे टेप. आमची दोस्ती मिक्सरनं लावली. आईनं पाठवलं होतं, मिक्सर आवाज करते म्हणून सांगून ये. मी मिक्सर न नेताच गेलो. "कसा आवाज करते?" काकानं मान वर न करता इचारलं. मी काढून दाखवला. घुर्रर्र, टकटक, घुर्रर्र. काकाच्या हातातला पेचकस थांबला. "पुन्हा काढ. जरा हळू." मी काढला. "कपलर घासलं हाय," म्हणे. ड्रॉवरमधून नवं कपलर काढून हातावर ठेवलं. "मिक्सर आणाची गरज नाही. तू आला तं मिक्सर आला."

तवापासून आमचा हाच धंदा. खेड्यातून, कोलामाइच्या पोडावरून फोन आला की मी फोन कानाले लावाचो, तिकडचा पंखा कसा कण्हते ते ऐकाचो अन् काकाले तसंच कण्हून दाखवाचो. काका तिथूनच दुरुस्ती सांगाचे. अर्ध्या लोकाइले दुकानापर्यंत यावंच लागत नव्हतं. मी म्हणाचो, "काका, असं केलं तं दुकान बुडन." "बुडू दे. लोकाइचा पंखा तं फिरन," असं म्हणून मोकळे.

त्याइच्या दोन सवयी होत्या. एक, काढलेला खराब भाग कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्याचा. "हा तुमचा माल. जुना झाला म्हणून माहा नाही होत." दुसरी, झाकण बंद कराच्या आधी आतून पेन्सिलनं लिहाचं: काय बिघडलं होतं, काय टाकलं. अन् वर मथळा, 'पुढच्या मिस्त्रीले'. मी चिडवलं, "काका, पुढचा मिस्त्री तं तुमीच हाय नं?" तं म्हणे, "मी काय इथं कायमचा पट्टा लिहून आणला काय रे पोपट?"

लोकाइले वाटे, म्हातारा नव्याच्या विरोधात आहे. खोटं. ज्या चार्जरवर सरकारी शिक्का नाही तो ते हातात घेत नव्हते. "हे घरात लावलं तं एक दिवस पलंग पेटन," असं म्हणून गिऱ्हाइकालेच झापाचे. कानात जाणारी, अंगाले लागणारी वस्तू सरकारनं तपासलीच पाहिजे, असं ठासून म्हणाचे. पण त्याइचं भांडण निराळं होतं. "शिक्का मारणारानं अजून एक ओळ लिहावी," म्हणे. "ज्यानं घेतली त्याले ते उघडता आली पाहिजे. नाहीतं बिल माह्या नावाचं अन् किल्ली तुह्याजवळ, हे कायचं विकणं झालं?"

एकदा मले नव्या फोनवर आवाज बदलाचं अ‍ॅप टाकाचं होतं. खाली लांबलचक करार आला. मी 'मान्य आहे' दाबाले बोट नेलं तं काकानं मनगट धरलं. "वाच." मी दुकानात उभा राहून वाचला. अर्धा बातम्यावाल्या बाईच्या आवाजात, अर्धा कापसाच्या लिलावातल्या आवाजात. चहावाला, दोन ड्रायव्हर, सगळे हसून राह्यले. त्यात एक ओळ आली: हे सॉफ्टवेअर आपल्याला विकलेले नसून केवळ वापरण्यास दिले आहे. काका हसले नाही. "ते पुन्हा वाच. तुह्या सोताच्या आवाजात." मी वाचली. चहावाल्यानं किटली खाली ठेवली. माह्या सोताच्या आवाजात एवढी ताकद असन असं मले वाटलं नव्हतं, म्हणून मी लगेच बकरी काढून दाखवली.

मंग काकाचे कान गेले. पहिले बारीक आवाज गेले. बेअरिंगची शीळ त्याइले ऐकू येईना. मी तीच शीळ जाड करून काढू लागलो, अन् काही दिवस तसं निभलं. शेवटी नागपूरहून कानाची मशीन आणली. कोणता आवाज किती वाढवाचा, ते तिच्यात सॉफ्टवेअरनं ठरते. थोडंफार फोनवरच्या अ‍ॅपमधून आपल्याले करता येते, बाकीचं विक्रेत्याच्या लॅपटॉपवर, पासवर्ड टाकून. काका खूश होते. पह्यल्या दिवशी बसस्टँडवर जाऊन नुसते बसले. "एसटीच्या घंटीची दोरी करकरते, तुले माहीत हाय का?" म्हणे.

आता जे सांगाचं आहे ते सांगतो. एका दुपारी काकानं मले फोन दिला, "हे काय आलं पाह्य." मशीनच्या अ‍ॅपचं अपडेट होतं. खाली करार. मी ड्रायव्हरले एका मंत्र्याची नक्कल करून दाखवत होतो. तिकडं पाहत पाहत इकडं अंगठ्यानं 'मान्य आहे' दाबलं. अ‍ॅप बंद होऊन उघडलं, तं म्हणे, हे जुनं मॉडेल आता चालणार नाही. झालं. मशीनची हाय ते सेटिंग तिथंच गोठली, अन् काकाचे कान तं खाली उतरतच होते. विक्रेता म्हणे, त्या मॉडेलचं आमचं लायसन संपलं, आता आमच्या लॅपटॉपवरही उघडत नाही, नवी मशीन घ्या.

काकानं मले एक शिवी दिली असती तं बरं झालं असतं. ते एवढंच बोलले, "वाचलं होतं का?"

मी नाही म्हणून मान हलवली. मंग मी एवढं बोललो की बस. नवी घेऊ, वर्गणी करू, मी कार्यक्रम करून देतो. काका म्हणे, "मशीन चांगली हाय. मी उघडून पाह्यली. बिघडलं ते कुलूप. कुलूप बिघडलं तं कोणी घर बदलते का?" त्याइनं सोताच्या हातानं ग्राहक आयोगात तक्रार लिहिली. मागणी एकच. पैसे नाही, नवी मशीन नाही. ज्यानं मशीन घेतली त्याले, किंवा तो म्हणन त्या मिस्त्रीले, तिचं कुलूप उघडून द्यावं. खाली मी करार न वाचता मान्य केला होता, तेही लिहिलं. मी म्हणलो, "काका, ते काहून लिहिता? आपली बाजू कमजोर होते." "खरं लिहून जे कमजोर होते ते आपलं नव्हतंच," म्हणे. शेवटचे काही महिने मी दुकानात वरडून वरडून बोललो. पेचकस पडला तं टण्ण असा आवाज मीच काढाचो, त्याइले समजावं म्हणून.

सुनावणीच्या तारखेच्या वीस दिवस आधी ते गेले. तेरवीत चार शहाणे म्हणाले, आता कायची तक्रार, तक्रारवालाच नाही राह्यला. तारखेच्या सकाळी काकू नऊवारी नेसून, तक्रारीच्या कागदाइची थैली घेऊन माह्या दारात उभी. "चाल यवतमाळले. त्याइच्या जागी माहं नाव लावाचं हाय."

आयोगाच्या वऱ्हांड्यात विक्रेत्याचा माणूस भेटला. गुळगुळीत पोरगा, हात जोडून उभा. "ताई, झालं ते वाईट झालं. आम्ही नवीन मशीन फुकट देतो, तुम्ही इथं सही करा."

काकूनं त्याच्याकडं पाह्यलं. "कोणाच्या कानात घालू, पोरा?"

त्यानं पुढं केलेला पेन मागं घेतला.

"किल्ली देता का?"

"ते आमच्या पॉलिसीत बसत नाही, ताई."

"मंग तारीख घ्या," काकू म्हणे अन् बाकड्यावर बसली, जशी दुकानातल्या स्टुलावर बसते तशी.

आत गेलो. बोलाचं माह्यावर आलं. गळ्यात दहा आवाज तयार होते, वकील, पुढारी, बातम्यावाली बाई. मी त्याइच्यातला एकही काढला नाही. काकाची मागणी वाचली, अन् ते 'मान्य आहे' मीच दाबलं होतं, हेही सांगतलं. आवाज मधेच फाटला... पण माहाच होता. काकूचं नाव लागलं. पुढची तारीख मिळाली. जिंकलो म्हणून सांगत नाही. संपलं नाही, एवढं सांगतो.

ज्याइनं तेरवीत शहाणपण सांगतलं त्याइनं आपापल्या घरचा मिक्सर उलटा करून, खालचे चार स्क्रू काढून पाहावे. काकाचं अक्षर असन आत. अर्ध्या पांढरकवड्यात आहे. कोणाले मागाची गरज नाही, कोणाची परवानगी नाही, पेचकस घ्या अन् वाचा.

परवा काकूनं कानाच्या मशीनची डबी मले दिली. मशीन आत होती, बटणाएवढ्या सेलसकट. झाकणाच्या आतून बारीक पेन्सिलनं लिहेल होतं:

'पुढच्या मिस्त्रीले. उघडून पाहिली. सगळे भाग चांगले आहेत. कुलूप सॉफ्टवेअरचे. किल्ली मागितली आहे.'

मी दुकानाच्या ड्रॉवरमधून त्याइचीच पेन्सिल काढली. त्याइच्या ओळीखाली जागा होती. लिहिलं, 'अजून मागून राह्यलो.' अन् झाकण लावलं.