अळणीतली वाईन

विलासदादा गेल्याचा फोन सकाळी सातला आला. गॅसवरचं दूध उतू गेलं आणि मी नुसती बघत राहिले. "गेले गं… झोपेतच," सुमनवहिनी एवढंच म्हणाल्या. त्याला आता महिना होऊन गेला. विलासदादा माझा मामेभाऊ. उचगावला राहायचा आणि एका फौंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न बनवायचा. कामात सुताएवढा फरक त्याला खपायचा नाही, पण स्वयंपाकघरात शिरला की सगळा अंदाजपंचे कारभार.

त्याचा जावई नाशिकला असतो. एका दिवाळीला त्यानं पांढऱ्या वाईनचा अख्खा खोका आणला. दादानं घोटभर चाखून तोंड वाकडं केलं, "ह्यापरीस कैरीचं पन्हं बरं की!" पण जावयाची भेट टाकायची कशी? मग जावयानंच फोनवर सुचवलं, चिकनमध्ये घाला. नवं काही करायचं म्हटलं की दादाला हुरूप यायचा. तेव्हापासून दर बुधवारी कामावरून आला, हातपाय धुतले की तो स्वतः चिकन चढवायचा. कांदा, ठेचलेला लसूण, बटाटे, पेलाभर वाईन आणि शेवटी भरडलेली मिरी. पाऊण तासात जेवण तयार. चटणी नाही, खोबरं नाही, तर्री नाही. आमच्या भावकीत यावर आठवडाभर चर्चा चालली होती.

गेल्या वर्षी आई न्हाणीघरात पडली. हाड जुळलं, पण जेवण तुटलं ते तुटलंच. दोन घास खाऊन ताट सरकवायची. तेव्हा दादा बुधवारी स्कूटरवरून अळणीचा डबा घेऊन यायला लागला. अळणी म्हणजे मसाला पडण्याआधी काढून ठेवलेलं चिकनचं हळद-मिठाचं पाणी, लहानांचं आणि आजाऱ्यांचं. आई ती वाटी चाटूनपुसून संपवायची, वर अर्धी भाकरी कुस्करून खायची! मीही अळणी करत होतेच. तिच्यासमोर वाटी ठेवून वह्या तपासायला बसायचे आणि तासाभरानं पाहावं तर वाटी तशीच, वर साय धरलेली. मी विज्ञानाची शिक्षिका. कारण कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. एका बुधवारी मी सरळ दादाच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

त्यानं कांदा-लसूण परतला, चिकन टाकलं, हळद-मीठ टाकलं, पेलाभर वाईन ओतली, मग पाणी. शिजल्यावर सवयीनं पळीपळीनं अळणी डब्यात काढली. मिरी त्यानंतर.

"दादा, अरे, अळणीत वाईन!"

त्यानं पळी खाली ठेवली. "पहिल्या बुधवारी चुकून झालं बघ. हाताची सवय. पर आत्ती जेवली की गं! मग ती चूक मोडू कशी? …उडून जातंय न्हवं सगळं?"

"थोडं राहतंच," मी म्हणाले.

"आत्तीला बोलू नगंस. डबा तोंडावर मारंल आणि पुन्हा दारात उभं करणार न्हाय मला."

खरंच होतं ते. दारूनं माझे वडील नेले. तेव्हापासून प्यालेल्या माणसाला आमच्या दारात पाणीही मिळत नाही. मी आईला सांगितलं नाही. आई जेवत होती ना… पण दर बुधवारी डबा उघडला की मी आधी स्वतः वास घेऊन बघायचे.

दादा गेला आणि आईचं जेवण परत तुटलं. परवाच्या बुधवारी मला राहवलं नाही. वहिनींकडे जाऊन उरलेली अर्धी बाटली आणली, तशीच अळणी केली आणि वाटी आईच्या हातात दिली.

तिनं घोट घेतला. "कमी पडलं की."

"काय, मीठ?"

"न्हाय. विलास घालायचा ते."

"तुला माहीत होतं?"

"तुझ्या बापासंगं तीस वर्सं काढली. मला वास कळत न्हाय व्हय?"

"मग त्याला बोलली का नाहीस?"

आईनं वाटी मांडीवर ठेवली. "बोललो असतो तर शरमून यायचा बंद झाला असता की… तासभर बसायचा, फौंड्रीतलं काय काय सांगायचा. घास कवा पोटात जायचा, कळायचं बी न्हाय."

म्हणजे दादा भीत भीत डबा आणायचा आणि ही भीत भीत वाटी संपवायची! मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, कारण हे त्याला सांगायची सोय आता राहिली नव्हती. डोळे पुसत मी बाटली आणायला उठले.

"ऱ्हाऊ दे ती," आई म्हणाली. "हितं बस जरा. शाळंत काय झालं आज, त्ये सांग."